माझं पण झाका की

२०२४ च्या ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली, त्यानंतरच्या एका सकाळी तलावावर फिरायला गेले तर पालिकेची दोन माणसं खळीची बादली आणि रद्दी पेपरांचा गठ्ठा घेऊन नावं झाकत फिरत होती. यात नवीन काही नाही, दर निवडणुकीला होतं. कमानीवरचं नाव, ओपन जिमच्या बोर्डवरचं नाव, बाकांच्या पाठीवरचं नाव, जिथे म्हणून "यांच्या संकल्पनेतून" नाहीतर "यांच्या निधीतून" असेल तिथे खळ फासायची आणि पेपर चिकटवायचा. मी आपली कानात इयरफोन घालून माझ्या नादात, आणि समोर बघते तर आमचे शेठ. ट्रॅकपँट, पांढरे बूट, हात कमरेवर, आणि त्या दोघांशी वाद घालतायत. वाद कसला, तर शेठनी तलावाला बाक दिलेत, त्यावर त्यांचं नाव आहे आणि ते नाव ही माणसं झाकत नाहीयेत. कोणी पण म्हणेल की बाबा माझं नाव झाकू नका. शेठ म्हणत होते, "अहो, माझं पण झाका की." तो पालिकेचा माणूस शांतपणे म्हणाला, "तुमचं यादीत नाय साहेब." "यादीत नाही म्हणजे? मी पक्षाचा पदाधिकारी आहे." "असाल ना, मी कुठं नाय म्हंतो. पण यादीत नाय." आणि बादली उचलून पुढच्या बाकाकडे गेला.

शेठनी मला बघितलं, हसले, "काय मॅडम, तब्येत काय म्हणते" वगैरे झालं आणि झपझप निघून गेले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो इतका हसला की चहा नाकात गेला. मी पण हसले. पण दुपारी पोळ्या करताना परत आठवलं आणि तेव्हा काही हसू येईना. कारण शेजारच्या ज्या बाकावर पेपर लागला तो आमदार निधीतला, म्हणजे तुमच्या माझ्या टॅक्समधला. त्यावर नाव कोणाचं तर ज्याने फक्त पत्र दिलं त्याचं. आणि शेठचा बाक खरोखर शेठच्या खिशातला, त्याचं बिल कोणत्या महिन्यात पास झालं ते पण मला माहितीये. पण ते नाव उघडं राहिलं तरी सरकारला काही फरक पडत नाही. त्या नावाने एक मत इकडचं तिकडे होणार नाही असं कोणीतरी ऑफिसात बसून ठरवलेलं. माणसाला हे लागणारच.

बिल माहितीये कारण मी त्यांच्याकडे अकाऊंट्सला होते. बरीच वर्षं. आता घरून दोन-तीन पार्ट्यांचं जीएसटीचं काम करते, त्यात शेठची कंपनी पण आहे, पण तेव्हा रोज जायचे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला साधा गाळा, वर पत्रे, इलेक्ट्रिक पॅनेलचे पत्र्याचे बॉक्स बनवायचे. एमआयडीसी १९६२ ला झाली आणि तिची पहिली वसाहत ही आमची वागळे, हे तिथला प्रत्येक जुना फोरमन छाती फुगवून सांगायचा, जसं काय त्यानेच भूमिपूजन केलंय. माझं टेबल पोटमाळ्यावर, खाली पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा कापायचं मशीन. दिवसभर तो धप्प धप्प आवाज, त्या आवाजाने टेबलावरचा पेला हळूहळू सरकत कडेला यायचा, मधून मधून आत ढकलायचा. कटिंग ऑइलचा वास तर केसातून जायचाच नाही, लोकलमध्ये बाजूच्या बायका नाक मुरडायच्या. शेठ साताऱ्याकडचे, वडील गिरणीत, हे स्वतः आयटीआय करून टूलरूममध्ये लागले आणि मग उधारीवर एक जुनी प्रेस घेऊन सुरुवात. स्वतः डाय बसवायचे, स्वतः डिलिव्हरीच्या टेम्पोत बसून जायचे. राजकारण म्हटलं की हात जोडायचे. "आपला धंदा बरा, आपण बरे" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलंय. आणि दानधर्म? काही नाही हो. दसऱ्याला मशीनला हार, कामगारांना पेढे आणि दिवाळीला बोनसवरून घासाघीस. वाईट माणूस नव्हता, पण देणारा पण नव्हता.

मग भंगार आडवं आलं. प्रेस शॉपमध्ये पत्र्याचं कटिंग उरतं ते भंगारवाल्याला जातं, त्याचे बऱ्यापैकी पैसे येतात, आणि एरियातल्या पोरांचा डोळा कायम त्या ठेक्यावर असतो. एक दिवस चार पोरं आली, म्हणाली यापुढे भंगार आम्ही उचलणार, रेट आम्ही सांगू तो. शेठ नाही म्हणाले. मग गेटवर टेम्पो अडायला लागला, एकदा ड्रायव्हरची किल्ली काढून नेली. शेठ दोन रात्री झोपले नसतील. शेवटी कोणीतरी त्यांना एका पक्षाच्या शाखेत घेऊन गेलं, तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं, एक फोन लावला, फोनवर जेमतेम एक वाक्य बोलले. दुसऱ्या दिवसापासून गेट मोकळं. एफआयआर नाही, वकील नाही, काही नाही. शेठ परत आले ते वेगळेच दिसत होते. मला म्हणाले, "मॅडम, एवढी वर्षं मी टॅक्स भरतोय पण काम कसं होतं ते आज कळलं." आठवड्याभरात शाखेतून मुलं आली दहीहंडीची पावती घेऊन. आकडा त्यांनीच लिहून आणलेला.

ठाण्यात राहणाऱ्याला पुढचं सांगायची गरज नाही. दहीहंडी झाली की गणपती, मग टेंभी नाक्याच्या देवीपासून गल्लीतल्या देवीपर्यंत नवरात्र, दिवाळी पहाट, पाडव्याची शोभायात्रा, मध्ये क्रिकेटचे सामने, मध्ये कोणाचा तरी वाढदिवस. माझ्याकडे एक जाड लाल वही होती, त्यात मी पावत्या चिकटवायचे. गंमत अशी की राजकीय पक्षाला पैसे देण्याचे कायदे केवढे कडक. १९६९ ते १९८५ तर कंपन्यांनी पक्षाला देणगी द्यायलाच बंदी होती, म्हणजे चेकने बंदी, बाकी चालूच असणार. मग आधी पाच आणि २०१३ च्या कायद्याने साडेसात टक्क्यांची मर्यादा आली, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या. आता रोखीत पक्षाला २००० रुपयांच्या वर घेता येत नाही. चेकने दिले तर कंपनीला इन्कम टॅक्समध्ये वजावट पण मिळते. सगळं बरोबर. पण माझ्या लाल वहीत पक्ष नव्हताच कधी! मंडळ होतं, क्रीडा मंडळ होतं, महिला मंडळ होतं, अमुक प्रतिष्ठान तमुक प्रतिष्ठान होतं. पोरं तीच, खुर्च्या त्याच, मंडप तोच. आमचे सीए दरवर्षी ती वही बघून सुस्कारा टाकायचे आणि विचारायचे, हे कशात टाकू, सेल्स प्रमोशनमध्ये?

देता देता शेठना देण्याची चटक लागली. हे मी डोळ्याने बघितलंय म्हणून लिहिते. आधी पावती फाडताना चेहरा आंबट व्हायचा. मग एकदा एका मंडळाने स्टेजवर बोलवून शाल-श्रीफळ दिलं, माईकवर नाव घेतलं, समोर हजार-दोन हजार माणूस. शेठ दुसऱ्या दिवशी ती शाल ऑफिसात घेऊन आले. घडी न मोडता कपाटात ठेवली, काचेच्या. मला तेव्हा वहिनींच्या, म्हणजे शेठच्या बायकोच्या, आधी कळलं की हा माणूस आता आपल्या हातात राहात नाही. पुढच्या जूनमध्ये वह्या वाटप. कव्हरवर शाळेचं चित्र नाही, शेठचा फोटो, वर साहेबांचा, त्याच्यावर साहेबांच्या साहेबांचा, तिघांच्या फोटोची साईज पदाप्रमाणे. कारखान्यात शेठ होते ते बॅनरवर भाऊ झाले. मग डोळे तपासणी शिबिर, मग ज्येष्ठ नागरिकांची अक्कलकोट-तुळजापूर बस. माझ्या मावशीने पण त्या बसचा लाभ घेतला, येताना मला प्रसाद आणि भाऊंची चौकशी.

आता खरं सांगायचं तर मला या सगळ्यावर नाक मुरडता येत नाही, आणि त्याला कारण आहे. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून वस्ती आहे. शेठचा गाळा तिथे इतकी वर्षं, पण ते कधी त्या गल्लीत गेलेच नव्हते. मागचं दार कायम बंद, का तर चोऱ्या होतात. पक्षात गेल्यावर त्यांच्या हातात मतदार यादी पडली आणि साहेबांनी सांगितलं, तुमच्या मागच्या गल्लीतली घरं तुम्ही बघा. तेव्हा शेठ पहिल्यांदा त्या गल्लीत शिरले, यादी घेऊन, घरोघर. परत आले तर गप्पच. मग म्हणाले, मॅडम, आपला तो हेल्पर नाही का, तो आपल्या भिंतीला टेकून राहतो, आपली प्रेस चालू झाली की त्याच्या घरातली भांडी वाजतात. बायका पहाटे उठून पाण्याला रांग लावतात आणि आपल्या टाकीचं पाणी ओव्हरफ्लो होऊन गटारात जातं. महिन्याभरात त्यांनी भिंतीतून पाईप काढून मागे दोन नळ दिले, कंपनीच्या बोअरचं पाणी, वापरायला. त्यावर पाटी लावली अर्थातच. पण मतदार यादी नसती तर ते नळ आले नसते हे मला पक्कं माहितीये. एवढी वर्षं माणुसकीने जे दार उघडलं नाही ते इलेक्शनने उघडलं. याचं मी काय करू? मला याचं काही करता येत नाही.

आणि त्याच शेठच्या प्रेसवर एका मुलाचं बोट गेलं, ते पण त्याच सुमाराला. करंगळी आणि शेजारचं अर्धं. शेठ स्वतः त्याला गाडीत घालून घेऊन गेले, ईएसआयसीची, म्हणजे कामगार विम्याची कागदपत्रं मी रात्री बसून केली, वर शेठनी त्याला रोख दिले, त्याच्या पोरीची शाळेची फी आजतागायत भरतात. फोरमन मात्र आधीपासून ओरडत होता की प्रेसला सेन्सर बसवा, निदान नवा गार्ड तरी. कोटेशन माझ्या टेबलावर पडून होतं. त्या वर्षीच्या नवरात्राच्या स्टेजचा खर्च आणि त्या कोटेशनचा आकडा यात फारसा फरक नव्हता. गार्ड बसायला पुढचं वर्ष उजाडलं. मी एकदा विचारलं पण, तर म्हणाले, बसवायचाच आहे ओ, मी नाही कुठे म्हणतो. शेठना द्यायला आवडतं. जे देणं लागतो ते मात्र पुढच्या महिन्यावर जातं. बोनस, ओव्हरटाईम, गार्ड. कारण त्याला शाल मिळत नाही, आणि कामगार तर कंत्राटी, त्याचं मत गावाला.

जुनी मोठी माणसं आठवतात अशा वेळी. नाना शंकरशेट, आपल्या ठाण्याशी त्यांचं नातं रुळांचं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून जी गाडी ठाण्याला आली ती आणण्यामागे जी माणसं होती त्यात हा व्यापारी घराण्यातला माणूस होता. पैसा बापजाद्यांचा, त्यातून शाळा काढल्या, मुलींच्या शिक्षणासाठी जागा दिली, आणि पुढे मुंबईच्या कायदे कौन्सिलात पण बसले. जमनालाल बजाज तर काँग्रेसचे खजिनदार, सरकारने दिलेली रायबहादूर पदवी परत केली, आणि १९२८ ला वर्ध्याचं स्वतःच्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेल्यांना खुलं केलं. त्यांचे नातू राहुल बजाज २००६ ला महाराष्ट्रातून अपक्ष म्हणून राज्यसभेवर गेले. म्हणजे धंदा, राजकारण आणि दान ही तिन्ही कामं एकाच माणसाने करायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, शेठनी काही नवीन काढलं नाही. पण जमनालालजींची गोष्ट वाचताना मला कायम एक वाटतं की त्यांना देऊन नुकसान झालं असणार. स्वतःच्या समाजातले लोक तुटले असतील, ब्रिटिश अधिकाऱ्यांची मर्जी गेली असेल. शेठच्या देण्याने असं कोणी कधी नाराज झालं नाही. वह्या वाटल्या म्हणून कोण चिडणार? नाराज झालं ते फक्त एकदा, ते पुढे सांगते.

लॉकडाऊनचं मात्र सांगितलंच पाहिजे. २०२० च्या मार्च-एप्रिल-मेमध्ये हायवेने माणसं चालत निघाली होती, नाशिककडे, पुढे यूपी-बिहारला, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं. कारखाना बंद. शेठनी कॅन्टीनच्या आचाऱ्याला बोलवलं आणि शेडमध्येच मोठ्या पातेल्यात खिचडी करायला लावली, पास काढला आणि टेम्पो घेऊन हायवेला. वहिनी पण जायच्या, तोंडाला ओढणी बांधून. वहिनी सांगतात की हे रात्री घरी येऊन जेवायचे नाहीत, नुसते गॅलरीत उभे राहायचे. एकाने म्हणे खिचडी घेतली आणि विचारलं, मालिक, पगार मिलेगा क्या, तो त्यांचा कोणी नव्हता, दुसऱ्याच कुठल्या कंपनीतला होता. शेठ म्हणतात त्या प्रश्नाला मला उत्तर आलं नाही. त्या महिन्याचा पगार त्यांनी आमच्या सगळ्यांना पूर्ण दिला, कंत्राटी मुलांना सुद्धा, एंट्र्या मीच केल्या ऑनलाईन. त्या खिचडीवर बॅनर नव्हता. एकही फोटो नाही. मला फार भरून आलेलं तेव्हा, मी चार लोकांना फोन करून सांगितलं पण. नंतर कळलं, फ्लेक्सवाल्याचं दुकान बंद होतं. ते उघडल्यावर टेम्पोवर बॅनर आला.

तरी खिचडी तीच होती ना.

मग २०२२. मार्चमध्ये आमच्या महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक काही होईना. ओबीसी आरक्षणाचा निकाल, प्रभागरचना, कोर्ट, तारीख पे तारीख. प्रशासक बसला तो बसलाच. शेठना नगरसेवकाचं तिकीट जवळपास पक्कं होतं, त्यांनी त्या हिशोबाने खर्च धरला होता. निवडणूक वर्षभर पुढे गेली तर वर्षभराच्या वह्या, वर्षभराची शिबिरं, परत एक दहीहंडी. पुढच्या वर्षी परत तेच. शहरातले सगळे इच्छुक असेच अडकलेले, थांबता येत नाही, थांबला तो संपला. आमच्या एरियात नगरसेवक नसताना जेवढ्या वह्या वाटल्या गेल्या तेवढ्या असताना वाटल्या नसतील. पोरांच्या घरी थप्प्या लागल्या, कामवाली मला एक गठ्ठा देऊन गेली, म्हणाली घ्या ताई, हिशोबाला होतील. त्यात जूनमध्ये पक्ष फुटला. ठाण्यात हे काय झालं ते मी लिहायला नको, घराघरात झालं, सख्खे भाऊ बोलायचे बंद झाले. शेठच्या गोडाऊनमध्ये छापून तयार वह्या पडलेल्या, कव्हरवर ज्यांचे फोटो एकमेकांशेजारी होते ते आता एकमेकांचं तोंड बघत नव्हते. शेठ आठ दिवस फोन बंद करून गावाला जाऊन बसले. वहिनी मला म्हणाल्या, पोराच्या लग्नाची पत्रिका छापताना एवढा विचार केला नाही जेवढा हे बॅनरवर कोणाचा फोटो ठेवू याचा करतायत. शेवटी एकीकडे गेले. कुठे ते सोडा. जिथे नाही गेले तिथली माणसं नाराज झाली, कारखान्याच्या गेटवर परत एकदा टेम्पो अडला, आणि मी म्हटलं ते हेच, देऊन पहिल्यांदा नुकसान झालं. ते पण देण्यामुळे नाही, फोटोमुळे.

२०२४ च्या मार्चमध्ये इलेक्टोरल बाँडच्या, म्हणजे नाव न कळता पक्षांना देणगी द्यायच्या रोख्यांच्या, याद्या बाहेर आल्या. १५ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने ती योजना रद्द केली होती, त्याबरोबर कंपन्यांची मर्यादा काढून टाकणारी २०१७ ची दुरुस्ती पण. शेठनी मला फोन केला, ती पीडीएफ आली का बघा, आपल्या वागळेतलं कोणी आहे का. मी बघितलं, ते पण बघत होते, एकेका ओळीत एक एक कोटी, तीच कंपनी पानभर. शेठ फोनवर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, आपण म्हणजे काय हो यांच्यापुढे. आपण पावतीवालेच." मला त्यांचा आवाज ओळखीचा वाटला नाही. मोठ्या कंपन्यांना दानाचा पण कायदा आहे, ५ कोटींच्या वर निव्वळ नफा किंवा १००० कोटींची उलाढाल किंवा ५०० कोटींची नेटवर्थ असेल तर सरासरी नफ्याच्या दोन टक्के सीएसआर, म्हणजे समाजकामावरचा सक्तीचा खर्च, आणि त्यात पक्षाची देणगी धरता येत नाही, कायद्याने दोन्ही पिशव्या वेगळ्या. शेठ यातल्या कशातच बसत नाहीत. त्यांना दोन टक्क्यांची सक्ती नाही आणि एक कोटीचा बाँड झेपत नाही. असली मधली माणसं वागळेत, रबाळ्यात, महाप्यात, गल्लोगल्ली आहेत. यांच्या जोरावर सगळे उत्सव चालतात, यांच्या गाड्या प्रचाराला लागतात. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख, पण कार्यकर्त्यांची जेवणं, मांडव, गाड्यांचं डिझेल यातलं किती त्या ४० लाखांत दिसतं ते मला विचारू नका, मी बिलं बघितलीत. उमेदवार कोणी पण असो, शेठ कायम स्टेजवर दुसऱ्या रांगेत.

आता सासूबाई. गेली काही वर्षं त्यांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. ते आम्ही शेठच्या ट्रस्टच्या सेंटरमध्ये करतो, रिक्षाने दहा मिनिटं. शेठनी वडिलांच्या नावाने ट्रस्ट काढला, धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर नोंदणी, आणि मशीन घेतली. स्वच्छ जागा, एसी, टेक्निशियन मुलगी इतकी प्रेमळ की सासूबाई तिच्यासाठी स्थळं बघतात. ज्यांचं सरकारी योजनेत बसतं त्यांचं योजनेतून, बाकीच्यांचं थोडे पैसे ते देतात आणि थोडे ट्रस्ट. म्हणजे यात पण निम्मा पैसा सरकारचाच. आणि समोरच्या भिंतीवर फोटो, साहेबांचा मोठा, शेठचा मध्यम, आणि ज्यांच्या नावाने ट्रस्ट आहे त्या गिरणीतल्या वडिलांचा सगळ्यात लहान, खाली, त्याला हार. खुर्चीत पडल्यावर चार तास समोर तेच दिसतं. मी बाहेर बाकड्यावर बसून असते तेव्हा डोक्यात नको ते येतं. यातलं किती भंगाराचं, किती ओव्हरटाईमचं, त्या पोराच्या गार्डचं किती. मी अकाऊंटंट आहे, मला पैसा सुटा दिसतो, तो दिसायला नको तिथे पण दिसतो. आतून मशीनचा बीप ऐकू येतो आणि वाटतं, बाई, गप्प बस, तुझ्या घरचं माणूस आत आहे.

सासूबाईंना असलं काही होत नाही. नोव्हेंबरात मतदान करून आल्या, व्हीलचेअरवरून, बोटाला शाई. मी सहज विचारलं, भाऊंच्या माणसालाच दिलंत ना? तर म्हणाल्या, छे. मी घाबरले, अहो आपण तिथे उपचार घेतो. म्हणाल्या, "एसटीने पंढरपूरला गेलो म्हणून कंडक्टरच्या पाया पडतो का आपण?" आणि पुढच्या वेळी सेंटरला गेल्यावर शेठ राऊंडला आलेले, तर त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून, "तुझं भलं होईल रे बाबा" असा तोंडभर आशीर्वाद. यात त्यांना काही विसंगत वाटत नाही. मला वाटतं शेठना जर कळलं की त्यांच्या खुर्च्यांवर पडलेल्या किती जणांनी कुठे मत दिलं, तर ते सेंटर बंद करतील की चालू ठेवतील? हा प्रश्न मी मनात बरेच दिवस धरून होते. मग लक्षात आलं की शेठना कळलेलंच असणार. बूथवाईज आकडे त्यांच्या मोबाईलवर येतात, सेंटरच्या आजूबाजूच्या बूथवर काय झालं ते त्यांना २३ नोव्हेंबरच्या दुपारीच कळलं असणार. आणि सोमवारी सेंटर वेळेवर उघडलं. शेठची ॲम्ब्युलन्स मात्र डिसेंबरात बंद झाली, ड्रायव्हर परवडत नाही म्हणे. नळ चालू आहेत. वह्या २०२५ च्या जूनमध्ये नेहमीपेक्षा बारीक आल्या, पानं कमी.

परवा शेठ घरी आले होते. सासूबाईंसाठी सफरचंदं घेऊन, आणि मोसंबी आणली नाही हे मुद्दाम सांगितलं, पोटॅशियम चालत नाही ना, टेक्निशियनने शिकवलंय त्यांना. थकल्यासारखे दिसले. मुलाला यातलं काही नको आहे, तो कारखाना मुरबाडला न्यायचं म्हणतोय, वागळेत आता गाळ्यापेक्षा जागेला भाव. सुप्रीम कोर्टाने २०२५ च्या मे महिन्यात सांगितल्यावर पालिकेच्या निवडणुका होतील असं सगळे म्हणायला लागले आणि शेठ परत इच्छुक झाले. मी विचारलं, परत? तर म्हणाले, एवढं केलंय, आता एकदा यादीत नाव लागू दे. मग कामाचं बोलले. ट्रस्टचे जुने खजिनदार गावाला गेले, तुम्ही व्हा, तुमच्यावर विश्वास आहे, चेंज रिपोर्टचं, म्हणजे ट्रस्टमधला बदल धर्मादाय आयुक्तांना कळवायचं, मी वकिलांकडून करून घेतो. पगार नाही, ट्रस्ट आहे. ३० सप्टेंबरच्या आत ऑडिट जायला पाहिजे आणि हिशोबाच्या वह्या तुमच्याशिवाय कोणाला कळत नाहीत.

मी म्हटलं, माझ्या दोन अटी आहेत. कंपनीचं खातं, ट्रस्टचं खातं आणि तुमच्या प्रतिष्ठानचं खातं यात एक रुपया इकडून तिकडे गेला तर मी त्याच दिवशी राजीनामा देणार. ते लगेच हो म्हणाले, इतकं लगेच की मला शंका आली. दुसरी, डायलिसिसच्या खोलीतले साहेबांचे फोटो काढा, पेशंटला चार तास भिंतीकडे बघायचं असतं, तिथे वडिलांचा एकटा ठेवा, मोठा करून. यावर शेठनी सफरचंदाच्या पिशवीला उगाच गाठ मारली, परत सोडली. म्हणाले, "साहेबांचा काढतो. निवडणुकीनंतर. पण माझा?"

आतून सासूबाई ओरडल्या, राहू दे गं त्याचा.

मी म्हटलं, आधी मला मागच्या तीन वर्षांची बँक स्टेटमेंट पाठवा, मग सांगते. अजून आलेली नाहीत. उद्या फोन करेन.